रक्त बघायची दुर्बीण

— नाही गं, आजारी नाही मी. हा हात बघ, गार आहे की नाही? ताप नाही, खोकला नाही, गुडघे दुखतात ते नेहमीचंच. कोण म्हणालं तुला? शंकारोन? शेजारच्या शंकारोनने फोन केला — मोगादिशूला? हं. बस तू आधी. बस म्हणते ना, इदिल. तव्यावरचा कांजीरो करपेल. तीळतेल घालू वर, की नुसती साखर? गालफडं बसलीत तुझी, शहरात काय खाता अल्ला जाणे. रात्रभर गाडीत बसून आलीस, आईचं तोंड तरी बघायला मिळतं की नाही असं वाटत आलीस — आणि आई इथे पीठ कालवत बसलेली. नाही, चिडले नाही मी तिच्यावर. तिच्यावर कसली चिडते, सगळी बाळंतपणं तिची मीच केली. एवढंच वाटलं की — जाऊ दे. खा.

काय म्हणालीस? तुझ्याबरोबर यायचं? आज? येईन ना. येईन म्हणजे, तीळ एवढे निघू देत. आता भरत आलेत, आता टाकून गेले तर पाखरं खातील. शिवाय नूरियाचे दिवस भरलेत, तिचं पोर आडवं आहे, हाताला लागतंय ना मला. ते फिरवायचं म्हणजे — नाही, सबबी नाहीत या. तुला सबबी वाटतात कारण तू हिशेबाने बोलतेस, नोकरी करणारी माणसं तशीच बोलतात. काय? त्यांच्यासाठी राबते मी? असं म्हणतात का मोगादिशूत? रानातल्या माणसांची सुईण — असं? म्हणू देत. बाळंत होताना बाई बाई असते, रानातल्या माणसाची असो की सरकारातल्या. आणि एक सांगू, राग मानू नकोस — तू जे शिकलीस ना, सुई टोचून रक्त ओळखायला, ते कशावर शिकलीस? कालव्याकाठच्या शेतावर. ते शेत कोणी मिळवून दिलं? तुझे अब्बा गेले तेव्हा तू लहान होतीस, तुला कुंपण तेवढं आठवत असेल. गेडोकाकाने रातोरात काटे ओढून शेत आपल्यात घेतलं. मी जिल्ह्याला किती खेटे घातले — सरकारी माणूस पंख्याखाली बसलेला, आज साहेब नाहीत, उद्या या, उद्या शिक्का नाही. गेडोने त्याला बकरं पोचवलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत, मलाच माहीत नव्हतं. आणि या रानातल्या लोकांनी काय केलं? चिंचेखाली बसवलं दोघांना. त्याला विचारलं, मला विचारलं, साक्षीला दोन म्हातारे बोलावले, आणि दुपारच्या नमाजाआधी निकाल. गेडोने स्वतःच्या हाताने कुंपण काढलं. कोणी बंदूक रोखली नाही त्याच्यावर. होत्या ना बंदुका — झाडाला टेकवून ठेवलेल्या. पण रोखली नाही कोणी. त्या दिवशी मी घरी येऊन रडले, बाई. कोणीतरी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं म्हणून रडले.

मग कालवा. आपला कालवा गाळाने भरून सपाट झाला होता, त्यात शेळ्या चरायच्या. सरकारचा माणूस आला, फोटो काढून गेला. परदेशी लोक आले, तेही फोटो काढून गेले. बुरहान मास्तर आला तो फावडं घेऊन आला. हो, तोच, त्यांच्या मदतीच्या कामाचा मुख्य. शिव्या नाहीत, आवाज नाही, मदिनोताई म्हणतो मला, समोर आला की नजर खाली. प्रत्येक घरातून एक माणूस, म्हणाला, आणि पहिला स्वतः उतरला चिखलात. पाणी आलं तेव्हा पोरं त्या पाण्यापुढे पळत होती, पाणी मागून येतंय आणि पोरं पुढे, असं. तू नव्हतीस. तू असतीस तर तुझंही मन — असो.

दवाखान्याचं तेच. परदेशी संस्थेचा दवाखाना बंद पडला तेव्हा — बंद पडला म्हणजे — हो, बरोबर आहे तुझं. पाडला बंद. त्यांनीच. परदेशी लोक हेर आहेत म्हणाले, एका सकाळी डॉक्टरला गाडीत बसवलं आणि नाक्यापर्यंत पोचवून आले. खोलीला कुलूप. त्या काळात बायका गाढवगाडीत बाळंत झाल्या, दोघी तिघी तर नदीच्या वाटेवरच गेल्या. आणि मग पावसाआधी बुरहान मास्तर किल्ली घेऊन माझ्या दारात. ताई, दवाखाना उघडायचाय, तुमच्याशिवाय कोण. तीच खोली, तीच खाट, भिंतीवरचं नाव तेवढं चुन्याने पुसलेलं. औषधांच्या खोक्यांवरचे कागदसुद्धा खरवडलेले, नखाने खरवडतात तसे. मला कळत नव्हतं असं वाटतं तुला? कुलूप घालणारा तोच आणि किल्ली आणणारा तोच — कळत होतं. पण दारात बायका बसलेल्या, पोटं धरून. मी म्हटलं, एवढा पावसाळा काढू. पावसाळा संपला की बघू.

आणि धान्य वाटतात ते. ते तर — हळू बोल, आवाज वर करू नकोस, कूड पातळ आहे. सुगीला येतात, अल्लाच्या नावाची जकात म्हणून प्रत्येकाच्या खळ्यावरून मका नेतात. दुष्काळात तोच मका पोत्यांतून परत येतो. शंकारोनने एकदा आपलं पोतं ओळखलं. तिचा नवरा पोत्याचं तोंड शिवताना निळा दोरा वापरतो, दुसरा कोणी वापरत नाही. पोतं तिच्याच घरातून गेलेलं, तिलाच मिळालं, वर झेंडा लावलेल्या गाडीतून. तिने काय केलं? दोन्ही हातांनी घेतलं, दुवा दिली. रात्री मला सांगायला आली आणि हसायला लागली, हसता हसता थांबेचना. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, मदिनो, पण दिलं तर खरं ना. सरकार नेतं तेव्हा परत देतं का?

अगं मी तरी कुठे म्हणते ते चांगले आहेत. तू मला एकाच बाजूला उभं करायला बघतेस. नूरियाच्या दिराला त्यांनी बाजारात — ते जाऊ दे, जेवताना नको. सगळं गाव उभं होतं, मीही होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला साखर आणि तेल पाठवलं त्यांनी. आईने घेतलं. घेतलं म्हणून नावं ठेवू नकोस, घेतलं नसतं तर ते नाही घेतलं म्हणून कोणीतरी बघितलंच असतं.

का निघत नाहीस म्हणून सारखं विचारतेस तर — निघाले होते की. निघाले होते मी. तुला सांगितलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात. कपडे टोपलीत घातले, वर आंबे ठेवले, बाजाराला चालले असं दाखवत पुलापर्यंत गेले. म्हटलं नाक्यावर विचारतील, काय सांगायचं ते पाठ करून ठेवलेलं. नाक्यावर त्यांचा पोरगा झोपला होता, डोक्याखाली बंदूक घेऊन. कोणी अडवलं नाही. अडवलं ते पुलाच्या अलीकडे. आपल्याच बायकांनी. शंकारोन होती, तिची जाऊ होती, नूरिया होती, आणखी होत्या. हात नाही लावला मला कोणी. वाटेत बसल्या नुसत्या. मी या बाजूने निघाले की या बाजूला सरकायच्या, त्या बाजूने निघाले की त्या. शंकारोन म्हणाली, "तू गेलीस की कुलूप लागेल. मग आम्ही कुठे मरायचं ते सांगून जा." असं म्हणाली. त्यांच्यातल्या एकीलाही रानातल्या माणसांनी पाठवलं नव्हतं, मी शपथेवर सांगते. गरजच नव्हती. मी परत फिरले. त्यांनीच टोपली उचलली माझी, घरापर्यंत आणून दिली, आणि आंबे तिथेच ओट्यावर बसून सगळ्यांनी खाल्ले. आंबे गोड होते. संध्याकाळी मास्तर आला. दवाखान्याला नवा दिवा लावून दिला, उजेड कमी पडतो म्हणाला.

म्हणून सांगते, मला काही करणार नाहीत ते. तू घाबरू नकोस माझ्यासाठी. माझ्या केसालाही हात लावणार नाहीत — तेच तर दुखणं आहे. कोणी मारलं असतं, धमकावलं असतं, तर रागाच्या भरात तरी पूल ओलांडला असता.

काय? शंकारोनने खोटं का सांगितलं? अगं, सांगितलं असेल काळजीने. तिला वाटलं असेल, मी एकटी. फोन? तिच्याकडे फोन नाही. तिच्याकडे कुठून — बघ, कांजीरो गार झाला, तू खातच नाहीस. अशी बघू नकोस माझ्याकडे. बरं. ऐक. शंकारोनचा धाकटा गेल्या पावसात गेला. ताप होता. मी पोटाचा समजले, ते औषध देत राहिले, आणि तो हिवताप निघाला, डोक्यात चढला. रक्त तपासलं असतं तर कळलं असतं, पण तपासणार कोण? मी सुईण, मला काय येतंय. त्या दिवसांत मी मास्तरसमोर बोलले. बोलून गेले. माझी इदिल असती, म्हटलं, तर एका थेंबात ओळखलं असतं तिने. अभिमानाने बोलले, दुःखात माणूस अभिमानाचंच बोलतं कधी कधी. त्याने नुसती मान हलवली. मग महिन्याभराने दवाखान्यात एक पेटी आली. रक्त बघायची ती दुर्बीण. नवी कोरी. कापडाखाली झाकून ठेवली आहे, कोणी हात लावायचा नाही असं सांगितलंय, काचा बिघडतात म्हणे. कोपऱ्यात मेज टाकलंय, स्टूल टाकलंय. खिडकीला जाळी. शेजारची खोलीही सारवून घेतली बायकांनी, तुझ्यासाठी. शंकारोननेच सारवली.

आणि काल सांजच्याला मास्तर इथे उभा होता, जिथे तुझ्या चपला आहेत तिथे. म्हणाला, "इदिल येते आहे असं कळलं. बरं झालं. आता तापाने लेकरं जायला नकोत." मी म्हटलं, कोण इदिल, माझी? तेव्हा मला कळलं की तू गाडीत बसली आहेस. तू दारात यायच्या आधी मला त्याच्याकडून कळलं.

नाही. नाही म्हणते ना मी. हे बघ — हे असे डोळे करू नकोस. हे डोळे ओळखते मी, माझेच आहेत. किती पोरं आजारी आहेत म्हणून विचारतेस? कशाला विचारतेस? आहेत. पुष्कळ आहेत. नूरियाची थोरली काल रात्रीपासून तापाने थडथडते आहे. पण तू एकदा त्या स्टुलावर बसलीस की एक पोर वाचेल, आणि त्या पोराची आई दुसऱ्या दिवशी पुलावर जाऊन बसेल. काही दिवस, म्हणतेस? एवढा पावसाळा? तोंडातून काय निघालं तुझ्या, ऐकलंस का? मी हेच म्हणाले होते. अगदी हेच शब्द.

तू वाईट नाहीस म्हणून तर भीती वाटते मला. वाईट माणूस सुटतो इथून. ऊठ. दुपारची गाडी पुलापलीकडून सुटते, चिंचेच्या बाजूने जाऊ नकोस, केळीच्या बागेतून जा. नाही, मी येत नाही. दोघी मिळून निघालो तर पुलापर्यंतही पोचणार नाही, तू एकटी असलीस तर जाशील, तुला अजून कोणी आपलं धरलेलं नाही. अजून कोणाचा जीव वाचवलेला नाहीस तू इथे. रडायचं नाही. मोगादिशूला जाऊन रड. नूरियाच्या पोरीचं मी बघते. बघते म्हणजे — जे येतं ते करते. ते तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. अगं ऊठ ना —

कोण? शंकारोन? ये, ये ना, दार उघडंच आहे. हो, ही काय, आली माझी लेक, बघ कशी वाळली आहे. बस, कांजीरो घे. हो, सांगितलं मी तिला, दुर्बिणीचं सगळं सांगितलं. खूश आहे. खोली बघायची म्हणते, पण आधी म्हटलं नदीवरच्या मावशीला भेटून ये, म्हातारी नावं ठेवील. हो ना, लगेच येईल, आता ऊन उतरायच्या आत. इदिल, जा बाई, मावशी वाट बघत असेल.

पिशवी कशाला उचलतेस? राहू दे ती इथे. मावशीकडे जाताना कोणी कपडे घेऊन जातं का, वेडी. हसते आहे बघ शंकारोन तुला. जा. आणि सरळ जा, वळून वळून बघू नकोस मागे — संध्याकाळी परत येणारी माणसं मागे वळून बघत नाहीत.