आदर्शाची बाटली

"हॅलो?… हो काका, सुहासिनीच. अंबरनाथहून."

टेबलावर पाच बाटल्या होत्या. चार आनंदा या कामगाराने बनवलेल्या निळ्या शाईच्या. पाचवी सात वर्षांपूर्वी मालकांनी, विष्णुपंतांनी, स्वतः केलेली. तिच्या चिठ्ठीवर एकच शब्द: आदर्श. नव्या शाईचा थेंब टीपकागदावर आदर्शाच्या थेंबाशेजारी टाकायचा, रंग जुळला तरच माल बाहेर, ही या छोट्या कारखान्याची रीत. आज चारही थेंब फिके होते. बुवापाड्याचा आनंदा दाराशी उभा होता.

"पाहिले मी… फिके आहेत, हो. पण पाणी घातलं असं मी कुठे म्हटलं?… सही? आत्ताच?"

विष्णुपंत मुंबईहून बोलत होते. सुहासिनीसारख्या बी.एस्सी. झालेल्या मुलीने 'शाईत पाणी' असं लिहून सही केली, की आनंदाला संध्याकाळच्या आत काढायचं.

"अहो, ऐका ना… हो, आदर्श या शब्दाचा मूळ अर्थ आरसा, तुम्हीच सांगितलंत. त्यात पाहून आपला डाग ओळखायचा… पण आरशावरच धूळ बसली तर?… नाही हो, उलट नाही बोलत."

मग तिने हळूहळू सांगून पाहिलं. गळ्यापर्यंत भरलेली बाटली आता चिठ्ठीच्या मध्यावर आली होती. थेंबाथेंबाने इतकी कशी संपेल? दर नवरात्रात सरस्वतीचा बोरू बुडावा म्हणून बूच काढून ती नऊ दिवस नंदादीपाला चिकटून बसते. पाणी उडतं, रंग मागे राहतो. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं.

"हो… मीही आदर्शच. शाळेत तोंड न उघडणारी, घरात नाही न म्हणणारी… बाबांच्या माघारी तुम्हीच शिकवलंत, विसरेन कशी? आईही रोज तेच सांगते… हो, हो… काका, एवढंच सांगा, पहिल्या दिवशी आदर्शाची घनता किती होती?… एक पूर्णांक शून्य एक दोन. नक्की ना?… धरा हं जरा."

तिने रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला. काचेच्या उभ्या नळीत आनंदाची शाई ओतून घनतामापक सोडला. चारही वेळा नळी धुतली, पुसली. मग पाचवी बाटली उचलली.

"बाई, ती पूजेची हाय," आनंदा पुटपुटला.

बाटलीवरची हळदीकुंकवाची बोटं अंगठ्याखाली खरबरीत लागली. तिने बूच ओढलं.

"काका, आहात ना?… नाही, सही नाही केली. बाटली उघडलीय… मीच. कोणाला न विचारता… सांगा आईला. कामावरून काढायचं तर काढा, पण आधी आकडे ऐका. आनंदाच्या चारही शाया एक पूर्णांक शून्य एक दोन. आणि आदर्श… हॅलो?… हॅलो?"

यंत्रात नुसती खरखर उरली. तिने रिसीव्हर जागेवर ठेवला, वाकून डोळे शाईच्या पातळीला आणले आणि पुन्हा एकदा वाचलं.

१.०१७.