यकृताच्या रिपोर्टवर बाबांचा शेरा

आमच्या बाबांचं काय सांगू, ते आजारपणातही हेडक्लार्कच होते! छप्पन साली राज्यांची पुनर्रचना होऊन नवं राज्य झालं, कचेरी नागपूरहून भोपाळला आली आणि बाबांचे डोळे पिवळे झाले. रक्त तपासलं तर यकृत बिघडलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर झोपून राहा."

"आणि फायली कोण बघणार?" म्हणत बाबांनी रिपोर्टवरच लाल शाईने शेरा मारला: 'निकाल अमान्य. फेरतपासणी करून सादर करावे.'

डॉक्टरही नागपूरचेच. त्यांनी खरंच पुन्हा रक्त घेतलं आणि त्याच शेऱ्याखाली लिहिलं: 'फेरतपासणी केली. निकाल कायम. पुढील अपील यकृताकडे करावे.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. "मसुदा चांगला आहे," म्हणाले आणि मुकाट्याने अंथरुणावर जाऊन पडले.