वळणावरच्या घराची दोन दारं

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या जिभा आणि घसे वर्षानुवर्षं तपासणारे डॉक्टरसाहेब. व्यासपीठावर विराजमान झालेले आपले नगरसेवक आणि वाचनालयाचे चिटणीस. आजचे उत्सवमूर्ती, आपले घड्याळवाले काका आणि काकू. त्यांना न्यायला आलेली त्यांची लेक. आणि पंखा कुणाकडे वळवायचा यावर अजूनही एकमत न झालेल्या माझ्या समस्त गल्लीकर बंधुभगिनींनो,

चिटणीसांनी मला मघाशी कानात सांगितलं, "बाई, थोडक्यात." भूगोल शिकवण्यात जिची हयात गेली, तिला हे सांगणाऱ्या माणसाच्या धाडसाचं कौतुक करून मी सुरुवात करते.

नगरसेवकसाहेब आज पहिल्यांदाच आमच्याकडे आले. गाडी कोपऱ्यावरच सोडावी लागली म्हणून जरा हिरमुसले होते. साहेब, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या गल्लीत गाडी काय, राग घेऊनसुद्धा कुणाला फार आत येता येत नाही. समोरून माणूस आला की एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. पोटाला पोट घासून पुढे जायचं आणि वर अबोला धरायचा, हे जमायचं कसं? इथली भांडणं दोन दिवसांत आटोपतात. इकडच्या खिडकीत शिंकलं की तिकडच्या खिडकीतून विचारणा होते, "औषध घेतलंस का?" कुणाचं दूध उतू गेलं तर तिच्याआधी शेजारणीला कळतं. बाहेरचे म्हणतात, तुमच्याकडे खाजगी असं काही राहतच नाही. खरंय. पण उपाशी आणि एकटं असंही कुणी राहत नाही, हे ते सांगायचं विसरतात.

आता पाहुण्यांसाठी थोडा भूगोल. गल्लीच्या मध्यावर काटकोनात वळण आहे. माणूस वळतो. सायकल पुढचं चाक उचललं तर वळते. कपाट, पलंग आणि स्ट्रेचर यांना मात्र काही केल्या वळता येत नाही. आणि नेमकं त्या वळणाच्या कुशीत काका-काकूंचं घर आहे. पुढच्या खोलीला एक दार गल्लीच्या अलीकडच्या अंगाला, दुसरं पलीकडच्या. म्हणून आम्हा पलीकडच्या लोकांचं जे जे लांबलचक आणि अवजड, ते सगळं त्यांच्या खोलीतून जातं. हे कुणी सुरू केलं, कुणालाच माहीत नाही. काकू सांगतात, लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात त्या ताटावर बसल्या होत्या आणि डोक्यावरून कुणाचा तरी पलंग गेला. सासूबाई म्हणाल्या, "मान खाली घाल आणि जेव. आपल्या घराचं हे असंच असतं."

याचे नियमही ठरलेले. स्वतःच्या पायांनी चालणाऱ्याने गल्लीतूनच जायचं, आळसापोटी काकूंच्या घरातून नाही. आणि सामान नेणाऱ्याने उजवीकडे बघायचं नाही, कारण उजवीकडे काकूंचं स्वयंपाकघर. तिथे काय शिजतंय, कोण रुसलंय, काय ऐकू आलं, ते त्या दाराबाहेर बोलायचं नाही. आमच्या गल्लीत कुणाचंही गुपित टिकलं नाही. यांचं मात्र अगदी शाबूत राहिलं.

काकांचं कामाचं टेबल त्याच खोलीत, भिंतीला लागून. डोळ्याला भिंग, समोर मोहरीएवढे स्क्रू, आणि पाठीमागून चाललंय कपाट! एकदा भर मध्यावर काका ओरडले, "थांबा! कुणी हलू नका!" स्क्रू उडाला होता. तेव्हा चौघं कपाट खांद्यावर घेऊन तसेच उभे, आणि बाकीची गल्ली फरशीवर रांगतेय. डॉक्टरसाहेब, तुम्हीही रांगत होतात, हसू नका. स्क्रू शेवटी काकांच्याच सदऱ्याच्या घडीत सापडला. काका म्हणाले, "हं, चालू द्या." एवढंच! कपाटाखालच्या चौघांनी त्यावर जे शब्द वापरले, ते या व्यासपीठावरून मला उच्चारता येणार नाहीत.

आणि काकू? काकूंची कटकट तर सगळ्यांनीच ऐकलीय. "हे घर आहे की रस्ता? फरशी आत्ताच पुसलीय! तुम्हा लोकांना कपाटं लागतातच कशाला एवढी?" तोंड चालू, पण हात त्याआधी चालू. आपण दारात पोचेपर्यंत स्टूल भिंतीला गेलेलं, पडदा वर खोचलेला, सतरंजी गुंडाळलेली. आयुष्यभर त्या खोलीचा मध्य त्यांनी मोकळा ठेवला. पाहुणे आले तर खुर्च्या मांडायच्या, गेले की उचलायच्या. असं आयुष्यभर घर सांभाळायचं म्हणजे काय चेष्टा आहे का?

आता माझं सांगते. आमच्या ह्यांना, म्हणजे तुमच्या मास्तरांना, अर्धांगवायू झाला आणि आमचं घर पलीकडच्या टोकाला. दवाखान्याच्या फेऱ्या किती झाल्या, मी मोजायचं सोडून दिलं. दर वेळी स्ट्रेचर काकूंच्या खोलीतून. ह्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. अर्धं तोंड वाकडं, तरी आडव्या आडव्या काकांना म्हणायचे, "घड्याळवाले, मला उघडून बघा हो, कुठलं चाक अडकलंय." काका भिंग न काढता म्हणायचे, "ठेवून जा, मंगळवारी या."

अशात गेल्या वर्षी कळलं, काकांचा हात थरथरतो, काम जमत नाही, दोघं लेकीकडे जाणार, घर विकायचंय. माझ्या पायाखालची जमीन सरकली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते व्यापारी. त्याला पलीकडचं दार बुजवून तिथे मालाच्या फळ्या लावायच्या होत्या. मग ह्यांना बाहेर काढायचं कुठून? खिडकीतून? पण विचारायचं कोणत्या तोंडाने? त्यांचं घर, त्यांनी काय वाटेल ते करावं. मी आठवडाभर काकूंकडे गेलेच नाही. हे म्हणायचे, "अगं, विचार की!" मी कसली विचारतेय.

व्यापाऱ्याला काकूंनी नाही म्हटलं. त्याच्यानंतरच्यालाही. का, ते सांगेनात. इकडे लेकीने तिच्याकडची खोली रंगवून ठेवलेली. पोरीचं चुकीचं नव्हतं हो. एकदा ती आली तेव्हा मोठ्याने म्हणालेली मी ऐकलं, "आई, बाबांना आता माडीचा जिना उतरवत नाही. गल्लीसाठी आणखी किती दिवस थांबणार तू?" घरातलं बोलणं बाहेर सांगायचं नाही हा नियम मी आज मोडतेय. मोडायलाच हवा, कारण त्याशिवाय या बाईने काय केलं ते तुम्हाला कळणार नाही.

मग हे गेले. एका सकाळी, शांतपणे. त्यांची शेवटची वाटही काकूंच्या घरातूनच गेली. काकांनी टेबलावरची सगळी घड्याळं फडक्याखाली झाकली आणि स्वतः एका टोकाला खांदा दिला.

पंधरवड्याने मी काकूंकडे गेले. मनाचा हिय्या करून म्हटलं, "काकू, आता माझी अडचण संपली. माझ्यासाठी अडून राहू नका. बुजवू दे कुणाला दार बुजवायचं तर. लेकीकडे जा सुखाने."

काकू भाजी निवडत होत्या. वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाल्या, "मास्तरांसाठी थांबले होते असं वाटलं होय तुम्हाला? अहो बाई, तुम्हीही कधीतरी आडव्या व्हालच की!"

हसा, हसा. मीही हसले. आणि मग तिथेच बसून इतकी रडले, इतकी रडले, की ह्यांच्यामागे तेवढी रडले नव्हते.

रडणं संपल्यावर काकू म्हणाल्या, "आता डोळे पुसा आणि मास्तरांचं कपाट मला उसनं द्या." त्यांची युक्ती पुढे तुम्हाला सगळ्यांना कळलीच, कारण भार तुमच्याच खांद्यावर पडला. घर बघायला कुणी आलं, चहा पुढे ठेवला, की काकू खिडकीतून खूण करायच्या आणि तुम्ही चौघं ह्यांचं रिकामं कपाट घेऊन खोलीतून जायचात. काकू गिऱ्हाइकाचं तोंड बघत बसायच्या. एकाने विचारलं, "हे रोज चालतं?" गेला. एकीने नाकाला रुमाल लावला. गेली. एक तर कपाटाची किंमतच विचारायला लागला! तुम्ही बिचारे मला म्हणालात, "बाई, एकदाचं विकून टाका हो ते, खांदे राहिले नाहीत."

आणि मग हे दोघं आले. तिसऱ्या रांगेत बसलेत, लाजू नका, हात वर करा. तो छापखान्यात कामाला, ती शिवणकाम करते. कपाट आत आलं. तिने कपबशी खाली ठेवली, उठली, आणि काही न विचारता पडदा वर धरला. तो म्हणाला, "सांभाळून, उंबरा आहे." काकू आत गेल्या आणि काकांना म्हणाल्या, "द्या यांना. काय ते ठरवून टाका."

काल किल्ल्या दिल्या. मी तिथेच होते. काकूंनी त्या मुलीला माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "ह्या बाई. पलीकडच्या टोकाला राहतात. वजनाने भारी आहेत, चारपेक्षा जास्त माणसं लागतील." मी त्या पोरीला म्हटलं, "घाई नाही हो माझी!"

सभ्यहो, मला मूलबाळ नाही. मला बाहेर कोण नेणार, ही काळजी मी कुणाजवळ बोलले नव्हते, ह्यांच्याजवळही नाही. ती मी न बोलताच एका बाईने ओळखली, आणि त्यासाठी स्वतःच्या लेकीला वाट बघायला लावली. बेटा, तुझी आई आम्ही जास्तच दिवस ठेवून घेतली. तुझे उपकार मानावे तेवढे थोडे.

अध्यक्षमहाशयांनी बोलू दिलं, चिटणीसांनी चारदा घड्याळ बघूनही खाली बसवलं नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, याबद्दल आभार. वयोमानाने जीभ सैल सुटली असेल, कुणाला काही लागलं असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला.

आणि काकू, तिकडे लिफ्ट आहे म्हणे. गेल्या गेल्या आधी बघून घ्या, माणूस आडवं मावतं का त्यात. नाही मावलं, तर सरळ परत या. तुम्हाला न्यायला आम्ही सगळे आहोत.