एकविसावी

स्नेहल : काका, हा सर्व्हर कपाटात होता. टेबलावर कुणी आणला?

रखमाजी : मीच. आपल्या वाचनालयातलं सगळ्यात भारी मशीन, आन् त्याच्यापुढं साधी खुर्ची न्हाई. वाईट वाटायचं गं.

स्नेहल : त्याला खुर्ची लागत नाही! आणि हे आत काय घातलंय? मी सर्व्हरची सिस्टीम टाकून गेले होते.

रखमाजी : त्यात मराठी टाईप करायला मला जमंना. भोरला एका दुकानात नेलं, त्यांनी ही वर्कस्टेशनची घातली. दिसायला तर सारख्याच दोन्ही. पुस्तकांची यादी ‘प’पर्यंत आली बघ.

स्नेहल : यादीला तो कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर होता की!

रखमाजी : त्याच्यावर पोरं बसतात. त्यांना कसं उठवायचं?

स्नेहल : अहो काका! वर्कस्टेशन म्हणजे एकानं पुढं बसून काम करायचं. सर्व्हरपुढं कुणी बसायचंच नाही, त्यानं आत राहून सगळ्यांना पुरवायचं. भरतीचे सराव पेपर यातच आहेत ना? पोरं मोबाईलवर इथूनच उघडतात ना?

रखमाजी : व्हय. चांगले उघडतात. आज मधेच आपोआप बंद होऊन चालू झालं, म्हणून तुला फोन केला.

स्नेहल : ते याच सिस्टीममुळं. आणि ही एका वेळी वीसच जणांना आत घेते. एकविसावा दारातूनच परत.

रखमाजी : वीस?

स्नेहल : वीस. पेपरला किती येतात?

रखमाजी : आता वीस.

स्नेहल : आता म्हणजे?

रखमाजी : आधी एकवीस होती. धनश्री, वरच्या धनगरवाडीची. सगळ्यांच्या शेवटी पोचायची. तीन रविवार सांगत होती, काका, माझं उघडत न्हाई.

स्नेहल : मग तुम्ही काय केलंत?

रखमाजी : म्हणालो, बाकी वीस जणांचं उघडतं, तुझंच कसं न्हाई? लवकर उठत जा, वेळेवर येत जा.

स्नेहल : सगळ्यांसमोर?

रखमाजी : माझा आवाज कधी चढत न्हाई गं. त्या दिवशी चढला. त्यानंतर ती आलीच न्हाई. आन् तक्रारही बंद झाली. मला वाटलं, सुटला प्रश्न.

स्नेहल : काका...

रखमाजी : भरती पुढच्या महिन्यात हाय. तुझी ती सिस्टीम परत घालायला किती वेळ लागंल?

स्नेहल : दोन तास. पेपर आणि तुमची यादी आधी बाजूला काढून ठेवते.

रखमाजी : यादी ऱ्हाऊ दे. माझी काठी कुठंय?

स्नेहल : एवढ्या उन्हात वर चढणार? फोन करा ना तिला.

रखमाजी : फोनवर मला बोलता येत न्हाई. आन् ती शेरडं सोडून, एवढं उतरून यायची. कितीला निघत असंल, ते तरी कळंल.