दहा मिनिटं पुढं

मी पडघ्याच्या अलीकडची, बौद्धवाड्यातली. बा काल्हेरला गोदामात हमाल होता, त्याच गोदामाच्या ऑफिसात मी एंट्री मारायला लागले, मग कॉम्प्युटर बिघडला की मलाच हाक, असं करत करत सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. सर्व्हर म्हणजे काय ताई, सगळ्यांची नावं न पासवर्ड त्याच्यात, त्यानं वळखलं तर तुम्ही कामाला, न्हाय वळखलं तर गाड्या गेटवर उभ्या. हजेरीचं मशीन पण त्याचीच वेळ धरतं.

सर्व्हर म्हातारा झालेला. मॅनेजर बोलला, दोन नवीन आणलेत, जुना चालू ठेवून बाजूला जोड, रविवारी कर, सोमवारी काम अडलं तर तू घरी बस. आधी जुन्याच्या रचनेत बदल करावा लागतो, तो एकदा केला की मागं फिरता येत न्हाय. ते झालं, पण नवीन जोडायला गेले तर जुना त्याला घेईचना, सारखा नकार, सारखा नकार. दुपार झाली, मला रडायलाच आलं. मग दोघांची घड्याळं बघितली. जुना दहा मिनिटं पुढं. एवढा फरक असला की ते एकमेकांवर भरवसा ठेवत न्हाईत.

आणि पुढं केला कोणी? मीच. लय वर्षांमागं मॅनेजर बोलला होता, लोकं उशिरा येतात, घड्याळ पुढं घे, मी घेतलं. सर्व्हर नुकताच हातात आलेला, तोंड उघडायची हिंमत न्हाय. तेव्हा बा कामावर होता, चपला हातात घेऊन पळत यायचा, तरी लेट लागायचा. त्याला पण मी बोलले न्हाय, ताई. तो गेला, तरी न्हाय.

फोन केला तर मॅनेजर बोलतो, सोपं हाय, नवीन पण दहा मिनिटं पुढं घे. मी हो बोलले न फोन ठेवला. आणि जुन्याचं घड्याळ मागं आणलं, खऱ्या वेळेवर. मग तिन्ही जुळले.

सोमवारी सलीमचाचांनी, बाच्या जोडीच्या हमालानं, हजेरीच्या मशीनला बोट लावलं, त्याची वेळ बघितली, मोबाईलची बघितली. बोलले, बेटी, मशीन ठीक किया तूने? जीती रह. पुढं केलं होतं ते पण मीच, हे न सांगताच मी आत गेले. अजून मॅनेजरच्या ध्यानात आलं न्हाय. रोज फोन वाजला की त्याचाच असेल अशी भीती वाटते. पण त्याच्यापेक्षा भीती चाचांची, ते गेटवर दिसले की मी मागच्या दारानं आत जाते.