ओलं हळदकुंकू

आटपाट झाशी होती. तिथं खंडेराव गेटाशी एक म्हातारा होता, एक म्हातारी होती आणि त्यांचा विनू दूर परदेशात होता. म्हातारी म्हणजे मीच हो. चहा घ्या, निवतोय.

विनूनं ह्यांना खोकंभर सुटे भाग पाठवले. जोडले की जुन्या चालीचा कंप्यूटर होतो म्हणे, लहानपणी त्यानं हट्ट धरला होता तसला. "बाबा, तुम्ही जोडा, मी फोनवर सांगतो." हे रोज कथील वितळवून तारांना डाख देत बसायचे आणि मी शेजारी बसून फोनमधला विनूचा आवाज ऐकायची. कितीक दिवाळ्या पोराचं तोंड दिसलं नव्हतं.

एकदाची टीव्हीवर अक्षरं उमटली. दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी, हत्यारं पुजायचा दिवस. मी विळी पुजली, अडकित्ता पुजला आणि ते सगळे भाग जोडलेल्या कंप्यूटरच्या हिरव्या पाटीलाही ओलं हळदकुंकू लावलं. संध्याकाळी ह्यांनी बटण दाबलं, तर पडदा काळाच.

"अगं, काय केलंस हे?"

"पुजलं! घरातलं नवं हत्यार तेवढं वगळू?"

ह्यांनी विनूला फोन लावला. तो खूप हसला. "आई, किसी को हाथ मत लगाने देना," म्हणाला. "हे फोनवर सांगून नाही निघायचं. मीच येतो."

दिवाळीला आला. टूथब्रशनं कुंकू काढलं आणि अक्षरं परत उमटली.

यंदा खंडेनवमीला ह्यांनीच करंडा माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "जरा ओलंच लाव."

विनू शुक्रवारी येतोय.