पहिला गेम नुसता बघायचा

हॅलो? … हॅलो, बाबा? … हो, हो, येतोय आवाज. बोला ना.

नाही हो, कामात कसली, आज शनिवार. मैत्रेयीला टेबल टेनिसच्या क्लासला घेऊन आलेय. … वॉर्डाच्या जिममध्ये. हो, तीच, स्टेशनमागची. काचेतून दिसतेय मला ती. … बाबा, ऐका ना, आज तिने असा बॅकहँड मारला की तिच्या कोच, त्या सेन्सेईबाई…

काय? … कालच्या मॅचचं नंतर हो, आधी हे ऐका तरी. मनगट अगदी तुमच्यासारखं वळतं तिचं, मी त्या बाईंना म्हटलंसुद्धा, हिचे आजोबा… बाबा? ऐकताय ना? … बरं. बरं, तुमचं आधी.

हो, बघितली. पूर्ण बघितली. तुम्ही लिंक पाठवली आणि मी बघितली नाही, असं झालंय का कधी? एकीकडे भाजी फोडणीला टाकली आणि फोन मिक्सरला टेकवून ठेवला. … तेच ते. रिकामा हॉल, एक टेबल, एक कॅमेरा, आणि टाळी वाजवायला चिटपाखरू नाही. मला सांगा, ते दोघं रोज उठून एकमेकांशीच काय खेळतात? … लीगच तशी आहे? दिवसभर? … बरं बाई, असेल.

खरं सांगू का? मला त्या मॅचमध्ये काडीचा रस नाही. पण आई गेल्यावर तुम्ही फोनवर 'हं' आणि 'बरं'च्या पुढे जात नव्हतात. आता रोज फोन करता, वाद घालता, 'यामिनी, त्याचा खांदा बघ' म्हणून ओरडता… परवाच तुमच्या जावयाला म्हटलं, माझे बाबा मला परत मिळाले. … नाही, रडत नाहीये. सर्दी झालीय.

काय लिहिलंय म्हणालात? … नवशिक्यांसाठी? तुम्ही? … अहो, किती छान! बसून लिहिलंत? … किती मागे लागले होते मी, एवढ्या पोरांना शिकवलंत, काहीतरी लिहून ठेवा. तेव्हा म्हणायचात, मला बॅट धरता येते, पेन नाही. … वाचा ना. वाचा वाचा. क्लास सुटायला वेळ आहे.

हं. … 'पहिला गेम नुसता बघायचा.' बरोबर. घाई करायची नाही. … 'जिंकतोय कोण ते बघू नका, दमतोय कोण ते बघा.' वा! … पुढे? … 'टॉवेलकडे जाताना पाय ओढतो का, त्यावर नजर ठेवा.' बाबा, हे फक्त तुम्हालाच दिसतं हं. दुसऱ्या कुठल्या कोचला नाही. … हो सर. … अहो, आलं तोंडात! हॉलमध्ये बाबा म्हटलं की मैदानाला फेऱ्या मारायला लावायचात. ती सवय जाते का?

हं, पुढे. … 'दोन गेम मागे पडलेल्याचा भाव वाढलेला असतो, अशा वेळी…' कसला भाव? … थांबा. थांबा बाबा. खेळाडूचा भाव म्हणजे काय?

…

पैसे लावायचे?

तुम्ही लोकांना पैसे कसे लावायचे ते शिकवताय?

… सुमिमासेन! सुमिमासेन. … तुम्हाला नाही हो, इथल्या बाईंची माफी मागितली. मोठ्याने बोलले मी, सगळे बघायला लागले. … थांबा, बाहेर जाते. बूट बदलते आणि जाते. फोन ठेवू नका. बाबा, ठेवू नका हं.

… हं. आले बाहेर. सायकली लावतात तिथे उभी आहे. आता बोला. काय प्रकार आहे हा?

'खेळ तोच आहे'? कसा तोच? … नाही, अभ्यास नव्हे. अभ्यास काय? सट्टा आहे सरळसरळ. पत्त्यांच्या जागी टीटी आणलं म्हणून काय त्याची शिकवणी होते का?

कोणासाठी लिहिलंय हे? … कसला ग्रुप? … किती लोक? … बापरे. आणि चालवतो कोण? … नंदू? आपला नंदू? ज्याला तुम्ही एक पैसा न घेता शिकवलंत, आपल्याकडे हक्काने पोळ्या हाणायचा, तो नंदू? … सर म्हणणारच तो! सर म्हणायला त्याचं काय जातंय? एकेक माणूस आत आणला की त्याला कमिशन मिळत असेल. … मिळतं? आणि ते तुम्हाला माहितीय?

… हो. … हो, सगळेच सर म्हणतात. सकाळी उठल्यापासून 'सर, आज कोण? सर, आता कोण?' … कळलं. नाही, खरंच कळलं. आई गेल्यावर कोणी काही विचारतच नव्हतं तुम्हाला. मीसुद्धा 'गोळ्या घेतल्या का' एवढंच विचारायची.

पण हरलेले लोक काय म्हणतात? … दिसत नाहीत? … ग्रुप सोडून जातात. अच्छा. म्हणजे उरतात ते सगळे जिंकलेले. म्हणून वाटतं, सरांचं बरोबर येतं.

बाबा, एक सांगा. मी तुम्हाला रोज सांगायची ना, हा दमलाय, तो पुढे झुकून सर्व्हिस करतोय, हा गेम त्याचा… ते कुठे जायचं?

… ग्रुपवर.

… 'जपानहून'? काय जपानहून? … तुम्ही त्यांना सांगितलंत, माझी मुलगी राज्याकडून खेळलीय, जपानमध्ये असते, तिथून बघून सांगते? … अहो, मी इथे बँकेचं सॉफ्टवेअर तपासते! जपानमध्ये राहिलं म्हणून चेंडू काय माझ्या कानात येऊन सांगतो, कोण जिंकणार ते?

आणि इथे हा गुन्हा आहे, कळतंय का? साइट कुठल्याही देशातली असू दे, इथे बसून पैसे लावले की पोलीस येतात. स्टेशनवर पोस्टर लावलंय. ऑफिसात सगळ्यांना मेल आली. … मी लावत नाही, मान्य. पण नाव माझं लावलंत ना? उद्या कोणी विचारलं तर काय सांगू, बाबांशी गप्पा मारत होते? कोण विश्वास ठेवेल? व्हिसा गेला म्हणजे शाळा, घर, सगळं गुंडाळून… … नंदू म्हणतो काही होत नाही. हो, नंदू म्हणतो!

… आणि तुमचे गेले का?

नको. आकडा नका सांगू. आकडा नकोय मला. … काय विकलं? … गच्चीवरचं टेबल?

… तुम्ही म्हणालात शाळेला दिलं. बाबा, शाळेला दिलं म्हणालात मला! किती बरं वाटलं होतं. मी मैत्रेयीला सांगितलं, आजोबांचं टेबल आता खूप मुलं वापरतात म्हणून. … आणि संध्याकाळची पोरं? … हो. टेबलच नाही तर कशाला येतील. हो. बरोबर आहे.

… एक विचारते. अगदी खरं सांगा. काल तो डावखुरा नऊ-पाचने पुढे होता. आणि मग दोन सर्व्हिस जाळीत. लागोपाठ. … तुम्हीच शिकवलंय ना, चुकलेला चेंडू वेगळा आणि चुकवलेला वेगळा. मला वाटलं आपलीच नजर गेली आता, म्हणून बोलले नाही काल. … तुम्हालाही दिसलं?

दिसलं. … दिसलं ना? मग झालं तर! मग सोडा हे! तो खेळच नाहीये बाबा, ते आधी ठरवून उभे राहतात. तुमचं एवढं खांदा बघणं, पाय बघणं, आयुष्यभराचं सगळं, त्याला तिथे काय किंमत आहे? तुम्ही खेळ बघताय आणि ते…

काय? … परत म्हणा.

… 'मुद्दाम हरणारा ओळखायचा आणि त्याच्या विरुद्ध लावायचे.'

… हे लिहिलंय त्यात? नवशिक्यांसाठी?

बाबा, कल्पना आठवते तुम्हाला? … कल्पना हो, लांब वेणीची, चेंडू कापून चॉप करायची ती. जिल्ह्याच्या स्पर्धेत मैत्रिणीला पुढे जाता यावं म्हणून तिने एक मॅच सोडली. एकच. तुम्ही तिची बॅट तिच्या हातात दिलीत आणि म्हणालात, उद्यापासून येऊ नकोस. तिचे वडील हात जोडून उभे राहिले, तरी नाही. आम्ही पोरी भिंतीला टेकून बघत होतो. आणि मला इतका अभिमान वाटला होता तुमचा… ते कोण होते मग? कुंपणच शेत खायला लागलं तर बोलायचं कोणाला?

… बोलते ना. बोलणारच. … हो, चिडलेय. लाजही वाटतेय. तुमची वाटतेय.

…

बाबा? … अहो, तसं नका ना बोलू. … नाही, असं कुठे म्हटलं मी? … एकटे आहात, माहितीय. … दिवस खायला उठतो, माहितीय हो. म्हणून तर म्हणते, फोन करा. रोज करा. दिवसातून दहादा करा, मीटिंगमध्ये असले तरी उचलीन. पण मॅच नको. लिंक पाठवू नका. मी बघणार नाही आणि सांगणार नाही. … नाही. … शेवटचं वगैरे काही नाही. … नाही म्हटलं ना!

…

दुसरं काहीतरी बोला.

… काहीही. बोला ना. … जेवलात? … काय केलं होतं? … हं. … नुसता भात? … हं.

… विचारा ना मला काहीतरी. मैत्रेयीचं विचारा.

… बाबा?

थंडी? हो! हो, पडली ना. भरपूर पडली. काल कोतात्सू काढला मी माळ्यावरून. ते नाही का, बुटकं टेबल, खाली हीटर आणि वरून रजई. तुम्ही दोघं आला होतात तेव्हा आत पाय घालून बसलात आणि बसल्या बसल्या घोरायला लागलात, आठवतं? आणि आई म्हणाली, यांना इथेच ठेवून जाऊ या, आढीतल्या आंब्यासारखे पिकतायत छान. … आठवतं ना? मैत्रेयी रांगत होती तेव्हा, सारखी तुमच्या पोटावर चढायची. आता बघा तिला. आता मला जपानीत उलट उत्तरं देते, निम्मी मला कळतही नाहीत. तिला अजून स्वतःची बॅट, चांगलं रबर काही घेतलेलं नाहीये, जिमचीच बॅट वापरते. तुम्ही निवडून द्या ना. अहो, या ना तुम्ही! मार्चमध्ये तिला सुट्टी असते, मी तिकीट काढते. या जिममध्ये तुमच्या वयाची माणसं रोज सकाळी खेळतात, डबे घेऊन येतात, आपल्याशी कोणी खेळतं का बघत बसतात. तुमचं नाव घालू या तिथे. भाषा कशाला लागते, टेबल आहे, चेंडू आहे, तुम्ही नुसतं…

… बाबा?

… तो आवाज कसला?

नाही, इथला नाही. मी बाहेर उभी आहे, दार बंद आहे. तुमच्याकडून येतोय. … टीव्ही नाही हो. चेंडूचा आवाज मला कळत नाही का?

… मॅच लावलीत.

मी बोलत होते आणि तुम्ही मॅच लावलीत.

… नाही. … चिडले नाही, नाही. … नका ठेवू. बाबा, ठेवू नका. एक मिनिट. … हो, कळलं, चालू आहे. कळलं. तरी ठेवू नका.

…

… कोण खेळतंय?

… हं. … किती झाले? … आठ-आठ. … सर्व्हिस कोणाची?

… आहे. आहे मी. जरा थांबा, विचार करतेय.

… दुसरा. तुम्ही दुसरं नाव घेतलंत ना, उंच आहे तो. तो घेईल हा गेम.

… बाबा?

… हॅलो? … हॅलो?